शाहतूसची लोकर आणि तिबेटचा चिरू : एका व्यापारी समजुतीची शास्त्रीय तपासणी

व्यापाऱ्याजवळ दोन प्रकारचे ज्ञान असावे लागते : एक मालाच्या भावाचे आणि दुसरे मालाच्या उगमाचे. पहिल्यावाचून दुकान एक दिवसही चालत नाही, म्हणून ते ज्ञान आपली मुले लहान वयातच गादीवर बसून शिकतात. दुसऱ्यावाचून दुकान चालू राहू शकते, आणि म्हणूनच त्याची हेळसांड होते. माल कोठून आला, तो कोणी काढला, त्यापायी कोणास काय सोसावे लागले, हे प्रश्न गिऱ्हाईक सहसा विचारीत नाही. आणि गिऱ्हाईकाने विचारले नाही तर दुकानदारही स्वतःस विचारीत नाही. अहिंसा हा ज्यांच्या आचाराचा पाया, त्या आपल्या समाजातील व्यापाऱ्यांस मात्र हे दुसरे ज्ञान टाळून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

या दृष्टीने विचार करण्याजोगी एका मालाची हकीकत आम्ही या लेखात सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. तो माल म्हणजे शाहतूसची शाल. अंगठीतून आरपार निघणारी शाल म्हणून तिची ख्याती आपल्यापैकी पुष्कळांच्या कानावर आलेली असेल. काही जुन्या घराण्यांच्या पेट्यांत ती जपून ठेवलेलीही असेल. या शालीची लोकर कोणाही जिवास इजा न करता मिळते, अशी समजूत व्यापारात दीर्घकाळ रूढ होती. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी सुरू झालेल्या शास्त्रीय संशोधनाने ती समजूत पूर्णतः खोटी ठरविली. ते संशोधन कसे झाले, त्यातून काय निष्पन्न झाले आणि त्याचा आपल्या व्यवहाराशी काय संबंध पोहोचतो, हे क्रमाने पाहू.

चिरू आणि त्याचा प्रदेश

तिबेटच्या उत्तर भागात चांगथांग नावाचे विस्तीर्ण पठार पसरलेले आहे. या तिबेटी शब्दाचा अर्थ उत्तरेकडील मैदान असा होतो. समुद्रसपाटीपासून त्याची उंची पुष्कळ ठिकाणी ४,५०० ते ५,००० मीटर, म्हणजे सुमारे पंधरा-सोळा हजार फूट भरते. आपल्या सह्याद्रीतील सर्वोच्च शिखर कळसूबाई हे १,६४६ मीटर उंच आहे; त्याच्या जवळजवळ तिप्पट उंचीवरील ही सपाट भूमी होय. तेथे वृक्ष नाहीत. विरळ गवत, जमिनीलगत वाढणारी खुरटी झुडपे, खाऱ्या पाण्याची सरोवरे आणि अखंड वाहणारा वारा एवढेच काय ते तेथील वैभव. हिवाळ्यात तापमान शून्याखाली ४० अंशांपर्यंत उतरते. या पठाराची पश्चिमेकडील कड आपल्या लडाखमध्ये शिरलेली आहे.

अशा या प्रदेशात चिरू नावाचा प्राणी राहतो. त्यास तिबेटी काळवीट असेही म्हणतात. नराचे वजन चाळीस किलोच्या आसपास असते व मादी त्याहून बरीच हलकी असते. नराच्या डोक्यावर दीड-दोन फूट लांबीची, काळी, बारीक व जवळजवळ सरळ उभी शिंगे असतात. मादीस शिंगे नसतात. नाकपुड्यांच्या बाजू फुगीर असल्यामुळे त्याचा चेहरा चटकन ओळखू येतो. इ. स. १८२६ मध्ये पाश्चात्य प्राणिशास्त्रात त्याची प्रथम नोंद झाली. त्या काळी नेपाळातील ब्रिटिश वकिलातीत काम करणारे ब्रायन हॉजसन यांचे नाव त्याच्या शास्त्रीय नामात गुंफलेले आहे.

दिसावयास हा हरिणासारखा असला, तरी आनुवंशिक तपासणीवरून त्याचे नाते शेळ्या-मेंढ्यांच्या कुळाशी अधिक जवळचे आहे, असे दिसून आले. याच तपासणीत आणखी एक विस्मयकारक गोष्ट उघडकीस आली. इतक्या उंचीवर हवा विरळ असते व प्रत्येक श्वासात प्राणवायू थोडा मिळतो. मैदानी प्रदेशातील माणूस तेथे चार पावले चालला तरी धापा टाकू लागतो; चिरू मात्र तेथे वाऱ्याच्या वेगाने धावतो. याचे एक कारण त्याच्या रक्तात आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या पिलांच्या रक्तात लहानपणी एक विशिष्ट प्रकारचे हिमोग्लोबिन असते, व ते प्राणवायूस अधिक घट्ट धरून ठेवते. पिलू वाढले की त्याची जागा प्रौढ अवस्थेतील हिमोग्लोबिन घेते. चिरूच्या वंशात हे प्रौढ हिमोग्लोबिन निर्माण करणारे जनुकच नाहीसे झालेले असून, बालपणीचेच हिमोग्लोबिन तो जन्मभर वापरतो. हे संशोधन २०२० साली प्रसिद्ध झाले. चिरूच्या संपूर्ण जनुकीय आराखड्याचे वाचन त्यापूर्वी, २०१३ साली, झाले होते.

थंडीपासून रक्षणासाठी त्याच्या अंगावर दोन थर असतात. वर जाड, राठ केसांचे आवरण आणि त्याखाली अत्यंत मऊ लोकर. ही आतली लोकर म्हणजेच शाहतूस. जी लोकर त्याला जगविण्यासाठी उगवली, तीच त्याच्या जिवावर उठली.

लोकर आणि तिची कथा

शाहतूस या फारसी नावाचा आशय लोकरींचा राजा असा आहे, आणि गुणाच्या दृष्टीने ते नाव अयथार्थ नाही. लोकरीच्या तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः ६० ते ८० मायक्रॉन असते. लडाखी शेळीपासून मिळणाऱ्या पश्मीन्याची जाडी १२ ते १६ मायक्रॉन, तर शाहतूसची ९ ते १२ मायक्रॉन. इतका बारीक तंतू यंत्रावर टिकत नाही. तो काश्मीरमधील स्त्रिया हाताने कातीत व कसबी विणकर हातमागावर विणीत. मोगल काळापासून या शालींची कीर्ती आहे. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त तूस नावाच्या प्राण्याच्या लोकरीपासून होणाऱ्या शालींचा उल्लेख येतो. म्हणजे ही लोकर एका प्राण्याची आहे, एवढे त्या काळीही ठाऊक होते. ती त्या प्राण्यापासून कशी मिळते, हा प्रश्न मात्र पुढे सोयीस्करपणे धूसर झाला.

व्यापारात जी कथा रूढ झाली ती अशी : उन्हाळ्याच्या प्रारंभी हे प्राणी आपली जुनी लोकर टाकतात, झुडपांस व खडकांस अंग घासताना ती तेथे अडकून राहते, आणि तिबेटचे गरीब धनगर ती वेचून, पुंजका पुंजका जमवून विकतात. काही ठिकाणी ही लोकर रानबकऱ्याची म्हणून सांगितली जाई, तर काही ठिकाणी ती पक्ष्याच्या छातीवरील पिसांची आहे, येथपर्यंत मजल जाई. कथा ऐकावयास गोड होती. वेचण्याचे कष्ट मोठे, म्हणून माल महाग, हे गिऱ्हाइकास पटे. आणि हिंसा मुळीच नाही, हे ऐकून त्याचे मनही निश्चिंत होई. ज्या घरांत मुंगीसही जपतात, त्या घरांतही ही शाल निःशंकपणे वापरता येई ती या कथेच्या आधारावर.

चांगथांगवरील संशोधन

या कथेची तपासणी हेतुपुरस्सर अशी कोणी आरंभिली नव्हती. डॉ. जॉर्ज शॅलर हे प्राणिशास्त्रज्ञ न्यूयॉर्क येथील एका विख्यात वन्यजीव संस्थेतर्फे तिबेटच्या पठारावरील वन्य पशूंचा अभ्यास करण्यासाठी १९८० च्या दशकात तेथे गेले. हे गृहस्थ भारतास अपरिचित नव्हेत. १९६० च्या दशकात त्यांनी मध्य प्रदेशातील कान्हाच्या जंगलात राहून वाघ व हरणे यांचा जो अभ्यास केला, तो त्या विषयातील पायाभूत ग्रंथ मानला जातो.

चांगथांगवर त्यांनी चिनी व तिबेटी सहकाऱ्यांसह अनेक वर्षे फेऱ्या केल्या. या कामाची पद्धत साधी पण चिकाटीची होती. ठराविक वाटेने मोटारीतून वा पायी जाताना दोहों बाजूंस दिसणारे प्राणी मोजावयाचे, नर, माद्या व पिले वेगवेगळी लिहावयाची, विष्ठेचे नमुने तपासून आहार ठरवावयाचा, मेलेल्या प्राण्यांच्या दातांवरून वय काढावयाचे. वही, दुर्बीण आणि धीर एवढेच मुख्य भांडवल. या अभ्यासाचे निष्कर्ष मांडणारा त्यांचा ग्रंथ १९९८ साली प्रसिद्ध झाला.

या फेऱ्यांतच शाहतूसच्या कथेचा पाया ढासळला. पहिली गोष्ट अशी की, ज्या पठारावर झाड नाही व झुडपे वीतभर उंचीची, तेथे लोकर अडकून राहणार कशास? गळालेली लोकर त्या वाऱ्यात क्षणभरही एका जागी ठरणार नाही. दुसरी गोष्ट, चिरू हा पाळता येणारा प्राणी नव्हे. तो माणसाच्या वाऱ्यासही उभा राहत नाही, तेव्हा मेंढीप्रमाणे धरून त्याची लोकर कातरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिसरी व निर्णायक गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष पुरावा. वस्त्यांतून मारलेल्या चिरूंच्या कातड्यांचे ढीग आणि त्या कातड्यांवरून लोकर उपटणारी माणसे आढळली. चौकशी करता ही लोकर नेपाळ व भारताच्या सीमेवरून पुढे काश्मीरकडे जाते, असे समजले. शाहतूस मिळविण्याचा मार्ग एकच होता : प्राणी मारावयाचा, कातडे सोलावयाचे आणि लोकर काढावयाची.

मुद्दल आणि व्याज

आता व्यापाऱ्यास सहज समजेल असा हिशेब मांडू. एका चिरूच्या कातड्यापासून सुमारे १२५ ते १५० ग्रॅम लोकर मिळते. एका शालीस, तिच्या आकारमानाप्रमाणे, तीन ते पाच प्राण्यांची लोकर लागते. म्हणजे खांद्यावर एक शाल येते तेव्हा तिच्यामागे तीन ते पाच मृत्यू असतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी चांगथांगवर चिरूंची संख्या दहा लाखांच्या घरात असावी, असा अंदाज आहे. १९०३ साली तेथून प्रवास करणारे कॅप्टन रॉलिंग यांनी एकाच दृष्टिक्षेपात पंधरा ते वीस हजार माद्या पिलांसह पाहिल्याची नोंद केली आहे. १९९० च्या दशकात शॅलर यांनी जो अंदाज बांधला त्यात संपूर्ण पठारावरील संख्या ७५,००० हूनही कमी निघाली. त्याच दशकात दरवर्षी वीस हजारांपर्यंत चिरू मारले जात असावेत, असा चिनी अधिकाऱ्यांचा अंदाज होता.

मुद्दल पाऊण लाख आणि वार्षिक खर्च वीस हजार, अशी ज्या पेढीची स्थिती असेल तिचे भवितव्य सांगावयास ज्योतिषी नको. येथे व्याजाची आवकही अल्प. चिरूची मादी वर्षातून एकच पिलू देते, आणि त्या कठोर हवेत सुमारे निम्मी पिले जन्मानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांतच दगावतात, असे संशोधनात आढळले.

हे संकट एकाएकी कसे ओढवले, याचीही कारणे आहेत. पूर्वी शिकार फासे व जुन्या बंदुका यांनी होई आणि मालही थोडा निघे. १९८० च्या दशकात सोन्याच्या शोधार्थ हजारो माणसे होह शिल या निर्जन प्रदेशात शिरली. त्यांच्यामागून मोटारी व आधुनिक बंदुका आल्या. त्याच सुमारास युरोप-अमेरिकेतील धनिक समाजात या शालींची टूम निघाली व एकेका शालीस हजारो डॉलर पडू लागले. भाव चढताच शिकारीस जोर आला. व्याण्यासाठी एकत्र जमलेल्या माद्यांवर रात्री मोटारींच्या दिव्यांच्या प्रकाशात गोळ्या झाडावयाच्या, ही पद्धत रूढ झाली. आईबरोबर पोटातील वा पायाशी असलेले पिलूही जाई, आणि त्याची गणना कोणत्याही वहीत होत नसे.

या हत्येस विरोध करणाऱ्यांत तिबेटी अधिकारी सोनम दार्ग्ये यांचे नाव अग्रभागी आहे. होह शिलमध्ये गस्ती पथक उभारून त्यांनी शिकाऱ्यांस पकडण्यास प्रारंभ केला. जानेवारी १९९४ मध्ये अशाच एका टोळीस पकडून आणीत असताना झालेल्या गोळीबारात त्यांचा अंत झाला. त्यांच्या पश्चात त्यांचे काम पथकाने पुढे चालविले.

येथे आणखी एक दुवा सांगणे अवश्य आहे. १९९० च्या दशकातील भारतातील तपासांत असे आढळून आले की, तिबेटकडून येणाऱ्या शाहतूसच्या मोबदल्यात भारतातून वाघाची हाडे पाठविली जात. एका बेकायदा मालाची किंमत दुसऱ्या बेकायदा मालाने चुकती होत होती. म्हणजे ती शाल घेणाऱ्याच्या नकळत आपल्या जंगलांतील वाघाचे मरणही तिच्या जमाखर्चात धरलेले होते.

कायदा आणि सूक्ष्मदर्शक

वन्य प्राण्यांच्या व्यापाराचे नियमन करणारा, साइट्स या नावाने ओळखला जाणारा आंतरराष्ट्रीय करार १९७५ साली अमलात आला. त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे ज्यांचा व्यापार सर्वथा निषिद्ध अशा प्राण्यांत, चिरूचा समावेश १९७९ पासून आहे. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्यास पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले. परंतु जम्मू-काश्मीर राज्याचा स्वतंत्र कायदा होता व त्यात परवान्याने व्यापारास वाव होता. आणि विणकाम तर सर्व तेथेच चाले. या विसंगतीविरुद्ध वन्यजीवप्रेमींनी तेथील उच्च न्यायालयात दाद मागितली. २००० साली न्यायालयाने बंदीच्या अंमलबजावणीचा आदेश दिला आणि २००२ साली राज्याच्या कायद्यातही चिरूस पूर्ण संरक्षण मिळाले. २०१९ च्या पुनर्रचनेनंतर तेथेही केंद्राचाच कायदा लागू आहे.

कायदा झाला तरी पुराव्याचा प्रश्न उरतोच. शाल पाहून ती शाहतूसची की पश्मीन्याची, हे कोणी पंचासमोर कसे सिद्ध करावे? अंगठीतून काढून दाखविण्याची परीक्षा निरुपयोगी, कारण उत्तम पश्मीन्याची तलम शालही अंगठीतून निघू शकते. येथे पुनः शास्त्र उपयोगी पडले. लोकर कितीही काळजीने निवडली तरी वरच्या आवरणातील काही राठ केस तीत राहतातच. तो केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला असता चिरूच्या केसाच्या अंतर्भागात फरसबंदी रस्त्यावरील दगडांप्रमाणे एकमेकांस लागून बसलेल्या पेशींची मांडणी दिसते; शेळीच्या केसाची रचना निराळी असते. अमेरिकेतील वन्यजीव प्रयोगशाळेत व आपल्या डेहराडून येथील भारतीय वन्यजीव संस्थेत या परीक्षेचा उपयोग होत आला आहे. एका केसाने सबंध शालीचे कुळ सांगावे, अशी ही परीक्षा आहे.

व्याण्याच्या जागेचा शोध

चिरूच्या जीवनक्रमातील एक मोठे कोडे त्यांच्या स्थलांतराचे होते. नोव्हेंबर-डिसेंबरात नर व माद्या एकत्र येतात. पुढे उन्हाळा लागताच माद्या नरांस सोडून कळपाकळपांनी उत्तरेकडे निघतात, सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत मजल मारतात, जून-जुलैत एका ठराविक निर्जन जागी वितात आणि पिलांसह परत फिरतात. पश्चिम चांगथांगवरील माद्या नेमक्या कोठे जातात, हे कोणास ठाऊक नव्हते. आणि जागा ठाऊक नसेल तर रक्षण कशाचे करावे? २००२ साली चार अमेरिकन गिर्यारोहक दोन चाकांच्या गाड्यांवर अन्नपाणी लादून, त्या स्वतः ओढीत, निर्मनुष्य पठारावरून सुमारे साडेचारशे किलोमीटर चालले. कुनलुन पर्वताच्या बाजूस असलेले ते स्थान त्यांना सापडले. शॅलर यांचे मार्गदर्शन त्यांस होते. या माहितीचा उपयोग पुढे त्या भागाच्या संरक्षणासाठी झाला.

चांगथांगवरील अभयारण्य १९९३ साली स्थापन झालेले होते. त्याचे क्षेत्र सुमारे ३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या महाराष्ट्र राज्याएवढे आहे. पूर्वेकडील होह शिल प्रदेशासही १९९० च्या दशकात संरक्षण मिळाले व २०१७ साली त्याची जागतिक वारसास्थळांत गणना झाली. २००६ साली सुरू झालेल्या तिबेटच्या लोहमार्गावर वन्य प्राण्यांसाठी ३३ वाटा ठेवण्यात आल्या. प्रारंभी बुजणाऱ्या माद्या पुढे त्या पुलांखालून पिलांसह ये-जा करू लागल्या, असे निरीक्षणांत आढळले.

या सर्व प्रयत्नांचे फळ दिसून आले आहे. २०१६ साली आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने चिरूस संकटग्रस्त वर्गातून काढून त्याहून सौम्य अशा वर्गात घातले. त्या वेळी त्याची संख्या एक ते दीड लाख धरण्यात आली होती. पुढील काळात चीनने जाहीर केलेला आकडा तीन लाखांच्या आसपास आहे. आपल्या लडाखच्या बाजूस मात्र हा प्राणी फारच थोड्या संख्येने आढळतो. संघाने वर्ग बदलतानाच असाही इशारा दिला आहे की, ही सुधारणा कडक संरक्षणावर अवलंबून आहे. ते ढिले पडल्यास पूर्वस्थिती येण्यास वेळ लागणार नाही. कारण शालीची मागणी अद्याप नष्ट झालेली नाही. चोरट्या मार्गाने जाणाऱ्या शाली विमानतळांवर व परदेशी सीमांवर वेळोवेळी पकडल्या जातात.

विणकरांचा प्रश्न

या बंदीची दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. काश्मीरमधील हजारो कुटुंबांचा चरितार्थ या विणकामावर होता. चरख्यावर बसणाऱ्या बाईने वा मागावर बसणाऱ्या विणकराने चिरू कधी पाहिलाही नव्हता. नफ्यातील मोठा भागही त्यांच्या हाती येत नव्हता. त्यांचे कसब निष्पाप आहे आणि ते टिकणे इष्ट आहे. त्यास वाट आहे ती पश्मीन्याची. पश्मीन्याची शेळी पाळीव आहे; वसंतात तिची लोकर विंचरून काढतात व शेळी पुढील वर्षी पुनः लोकर देते. येथे मुद्दल शाबूत राहून व्याजावर व्यवहार चालतो. काश्मीरच्या पश्मीन्यास २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून, हातकताई व हातमागाच्या अस्सल मालाची शास्त्रीय तपासणी करून त्यावर खूण लावण्याची सोय झालेली आहे. कापडाच्या व्यापारातील आपल्या सभासदांनी असा तपासलेला, खूण असलेला माल ठेवला व त्याचा योग्य भाव दिला, तर विणकराचे पोट भरेल आणि कोणाचा जीवही जाणार नाही. तपासणी नसलेल्या मालात शाहतूसची भेसळ निघाल्यास प्रामाणिक व्यापाऱ्याचाही माल अडकून पडतो व दोषारोप येतो, हेही ध्यानी ठेवावे.

कायद्याच्या दृष्टीने स्थिती स्पष्ट आहे. शाहतूसची खरेदी-विक्री हा गुन्हा असून पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा सांगितली आहे. घरात वडिलार्जित शाल असली तरी कायदेशीर मालकीपत्रावाचून ती बाळगणे निर्दोष नाही, आणि मालकीपत्र असले तरी ती विकता येत नाही. ज्यांच्याकडे अशी वस्तू असेल त्यांनी जाणत्या वकिलाचा व वनखात्याचा सल्ला घ्यावा. लग्नकार्यात ती मिरवू नये वा भेट देऊ नये. नवी घेण्याचा तर विचारही नको.

श्रावकाचार काय सांगतो

कायद्याच्या भयाने जे टळते त्याहून आपल्या धर्माने जे टाळावयास सांगितले आहे त्याची व्याप्ती मोठी आहे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा व्यवसायांस कर्मादाने म्हणतात. त्यांत दंतवाणिज्य हा एक प्रकार आहे. नावावरून हा निषेध केवळ हस्तिदंतापुरता आहे, असे पुष्कळांस वाटते. परंतु बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी 'योगशास्त्रा'त त्याचा जो अर्थ सांगितला आहे त्यात त्रस जीवांचे दात, केस, नखे, हाडे, कातडे आणि लोकर यांचा समावेश केलेला आहे. केशवाणिज्य हा निराळा प्रकार असून त्यात जिवंत प्राण्यांचा व दासदासींचा क्रयविक्रय येतो. तेव्हा शाहतूस दंतवाणिज्यातच पडते, याविषयी संशय राहत नाही.

त्या व्याख्येत एक मार्मिक शब्द आहे. हा माल त्याच्या उत्पत्तिस्थानी जाऊन व्यापारासाठी घेणे, यावर तेथे भर दिला आहे. कारण उघड आहे : उगमाशी जाऊन मागणी केली की शिकारी ताबडतोब धनुष्य उचलतो. यावर कोणी म्हणेल की, आम्ही तर दिल्लीच्या वा मुंबईच्या दुकानातून घेतली. चांगथांग आम्ही नकाशावरही पाहिलेले नाही. या बचावाचे उत्तर वरील संशोधनात आहे. परदेशातील शहरांत भाव चढला आणि पठारावर बंदुकीचा बार उडाला, हे १९९० च्या दशकात सिद्ध झाले. त्या काळच्या व्यापाऱ्यास उगमाशी जाऊन मागणी करण्यास महिनेच्या महिने पायी वा तांड्यांबरोबर चालावे लागे. आज ती मागणी दुकानातील गादीवरून एका निरोपाने पोहोचते. अंतर वाढले म्हणून दोष कमी झाला, असे मानण्यास जागा उरलेली नाही. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि करणाऱ्यास अनुमोदन देणे, या तिन्हींचा विचार आपल्या शास्त्राने केला आहे. विकत घेणारा या तिहींपैकी कोणत्या ना कोणत्या कोठ्यात बसतोच.

शाहतूसची कथा खोटी होती, परंतु ती शतकानुशतके टिकली. कारण ती ऐकणाऱ्यास सोयीची होती. विकणाऱ्याने ती पुढे सांगितली, घेणाऱ्याने मानली, आणि कोणीही उगमापर्यंतची वाट चालून पाहिली नाही. अखेर एका शास्त्रज्ञाने वही व दुर्बीण घेऊन ती वाट चालली तेव्हा सत्य बाहेर आले. अशा सोयीच्या कथा इतर मालांविषयीही सांगितल्या जात असतील. कस्तुरी, मोरपिसे, प्रवाळ, रानटी प्राण्यांच्या केसांचे कुंचले, अशी कोणतीही वस्तू दुकानात आली की तिच्या भावाबरोबर तिचा उगमही विचारावा, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत ती वहीत चढवू नये. एवढी दक्षता आपल्या सभासदांनी अंगीकारली, तर चिरूच्या संशोधनापासून आपण काही शिकलो, असे म्हणता येईल.